टेसन, शिग्नल आणि औट

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव नावाचे गाव आहे. एरवी बाहेरच्या जगाने त्याची दखल घ्यावी असे काही कारण नव्हते. पण गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली कुदळ घातली, आणि १९८३ पर्यंत डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी आणि त्यांचे सहकारी तेथे माती उकरीत राहिले. मातीखालून निघाले ते एक सबंध गाव. ख्रिस्तापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे नांदणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव. त्यांची घरे निघाली, धान्याचे कोठार निघाले, शेताला पाणी नेणारा पाट निघाला, सातूचे जळके दाणे निघाले, आणि एका मडक्यावर काढलेली बैलगाडीही निघाली.

मी त्या भागातला मास्तर. दर वर्षी मुलांना घेऊन एकदा तरी त्या टेकाडावर जातो. पाहण्याजोगे आता तेथे फारसे उरलेले नाही. जे निघाले ते पुण्याला गेले. पण मुलांना मोकळे रान मिळते आणि मला गोष्ट सांगायला जागा मिळते. अशाच एका सहलीत मी त्या मडक्यावरच्या बैलगाडीचे वर्णन रंगवून करीत असता तिसरीतल्या एका पोराने विचारले, “गुरुजी, ते लोक बैलाला काय म्हणत होते?”

मी थांबलो. मग म्हणालो, “ठाऊक नाही.”

“मग गाडीला?”

“तेही नाही.”

मास्तराने एका दमात दोनदा ‘ठाऊक नाही’ म्हणावे, यासारखी नामुष्की नाही! पण खरे तेच होते. त्या माणसांजवळ लिपी नव्हती. त्यांनी काय पेरले, काय खाल्ले, मेलेल्यांना कसे पुरले, हे सारे मातीने जपून ठेवले. त्यांच्या तोंडचा एक शब्द मात्र जपला नाही. मडके तीन हजार वर्षे टिकते. लिहून न ठेवलेला शब्द टिकायचा तर तो एका तोंडातून दुसऱ्या कानात जावा लागतो, आणि तो कान बहुधा लहान मुलाचा असतो. तेथे साखळी तुटली की शब्द संपला.

माझे अर्धे आयुष्य मुलांच्या कानांत शब्द घालण्यातच गेले आहे, आणि गंमत अशी की ते शब्द आपले नव्हेत, इंग्रजीचे! त्या धंद्याचा थोडासा इतिहास आणि माझ्या हातून त्यात घडलेली एक चूक दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेख.

*

मी मॅट्रिक. कादंबऱ्या लिहिल्या त्या मराठीच्या भांडवलावर. इंग्रजीशी माझे नाते परीक्षेपुरतेच. आमच्या वेळी एबीसीडीची गाठ पाचवीत पडे. आमच्या वडीलधाऱ्यांचे तर त्याहून उशिरा. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. मग २००० सालचा जून उजाडला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. शहरात त्यावर परिसंवाद झाले, वर्तमानपत्रांतून पत्रे छापून आली. आमच्या वस्तीवर काय झाले? बावीस वर्षांचा एक मास्तर रात्री कंदिलाशी बसून पहिलीचे इंग्रजी पुस्तक स्वतःच पाठ करू लागला.

त्या पुस्तकात गाणी होती, चित्रे होती, उठा-बसा-धावा असे हुकूम होते. म्हणजे करणाऱ्यांनी ते खेळासाठीच केले होते. पण मला खेळवायचे कसे ते ठाऊक नव्हते. मला शिकवले तसे मी शिकवले. फळ्यावर शब्द, शेजारी अर्थ, आणि वर्गाचा एकसुरी गजर: सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. महिनाभराने खिडकीत खरे मांजर येऊन बसले. मी विचारले, “हे काय?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “सी-ए-टी!” मांजर पळाले. मुलांना स्पेलिंग आले होते, शब्द आला नव्हता.

*

घोकंपट्टीला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिचा इतिहास पाहिला तर ती अगदीच अडाणी नव्हती. पाठशाळेतली मुले अमरकोश पाठ करीत, तो श्लोकबद्ध होता. लय जिभेला धरून ठेवी आणि शब्द लयीला धरून राहत. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली जो राज्यव्यवहारकोश झाला, त्यात दरबारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तोही पद्यातच. कोश राज्यासाठी होता, पण रचना मुखोद्गत करण्याची.

मात्र कोशाने सांगितले म्हणून सगळेच शब्द गेले नाहीत. बाजार राहिला, दुकान राहिले, जमीन राहिली. आमच्या गावाच्या नावातला ‘इनाम’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि गावाच्या वेशीवर कायमचा बसला. पोर्तुगिजांकडून बटाटा आला, पाव आला, चावी आली. हे शब्द मराठी माणसाने कोणत्या शाळेत घोकले होते? कोणत्याच नाही. बटाटा हातात आला आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही आले. वस्तू, गरज आणि शब्द अशी तिघांची गाठ एकदम पडली, की शब्द पुन्हा सुटत नाही.

ही गोष्ट जगातल्या शहाण्या शिक्षकांना फार पूर्वी उमगली होती. रोमन पंडित क्विंटिलियन पहिल्या शतकात सांगून गेला, की मुलांना हस्तिदंती अक्षरे खेळायला द्यावीत. इंग्लंडच्या जॉन लॉकने १६९३ साली लिहिले, की सोंगटीच्या बाजूंवर अक्षरे चिकटवून मुलांना जुगारासारखी फेकू द्यावीत. वाचन हे काम आहे असा त्यांना वासच येता कामा नये! आणि १६५८ साली कोमेनियस नावाच्या मोराव्हियातल्या शिक्षकाने न्यूरेंबर्गला चित्रांचे एक पुस्तक छापले: वर चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, खाली त्याच आकड्यांनी लॅटिन आणि जर्मन शब्द. आज आपल्या भिंतींवर फळांचे आणि प्राण्यांचे जे तक्ते लटकतात, त्यांचे हे पणजोबा.

आपल्याकडूनही एक युक्ती तिकडे गेली. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. तेथल्या गावठी शाळेत मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपली धूळपाटीच ती! त्याने ती आपल्या वर्गात आणली, मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केले, आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापले. पुढे ही पद्धत इंग्लंडभर पसरली. तिच्यात एक खेळही होता. मुले ओळीने उभी करायची. उत्तर चुकले की खाली सरकायचे, ज्याने बरोबर दिले त्याने वर जायचे. जुन्या वाचकांना आपल्या शाळेतले ‘वर-खाली नंबर’ आठवत असतील. वरच्या मुलाला त्यात मोठी मौज वाटे. सगळ्यात खालच्याला काय वाटे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मग आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, आणि वाक्य पक्के बसवावे तर तिनेच. पण ती समजत्या मुलांसाठी. सहा वर्षांच्या पोराला भाषांतर सांगणे म्हणजे पोहायला येण्याआधी नदीचे क्षेत्रफळ काढायला लावणे.

*

या सगळ्यांहून मोठी इंग्रजी शाळा माझ्या घरापासून फार लांब नव्हती. तिचे नाव दौंड जंक्शन. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, आणि ज्यांनी पाटीला कधी हात लावला नव्हता अशी माणसे टेसन, शिग्नल, तिकीट, गार्ड, डायवर, फलाट असे शब्द सहज बोलू लागली. माझे आजोबा अंगठेबहाद्दर होते. पण ‘शिग्नल पडला’ म्हणताच गाठोडे उचलायचे, एवढे इंग्रजी त्यांना पक्के येत होते. शब्द चुकला तर गाडी चुकणार! अशी परीक्षा कोणत्या मंडळाने घेतली आहे?

दुसरी शाळा क्रिकेटची. मुंबईच्या पारशांनी १८४८ साली आपला क्लब काढला. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखणारे पळवणकर बाळू तेथल्या साहेबांना गोलंदाजी करता करता तयार झाले आणि १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंड गाजवून आले. तेथून तो खेळ गल्लीबोळांत आणि रानांत उतरला. आमच्या वस्तीवरचे पोर शाळेत नाव घालण्याआधीच बॅट, बॉल, रन, वाईड, कॅच आणि औट हे शब्द बिनचूक वापरते. या पोरांना इंग्रजी येत नाही असे मी म्हणत होतो, आणि मधल्या सुटीत तीच पोरे माझ्या खिडकीखाली इंग्रजीतून भांडत होती.

हे लक्षात आले तेव्हा मी फळा पुसला आणि खेळ मांडला.

पहिला खेळ ‘शिवाजी म्हणतो’. हा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ‘शिवाजी म्हणतो, स्टँड अप’ म्हटले तर उठायचे. नुसते ‘स्टँड अप’ म्हटले तर जागचे हलायचे नाही. अमेरिकेत जेम्स आशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हेच तत्त्व धरून शिकवण्याची एक पद्धत उभी केली: आधी ऐकावे, अंगाने करून दाखवावे, बोलण्याची घाई करू नये. आपण ते अंगणात करीतच होतो.

दुसरा खेळ झोळीचा. झोळीत चमचा, लिंबू, कुलूप, पान, चेंडू अशा वस्तू घालायच्या. मुलाने आत हात घालून, न पाहता, चाचपून इंग्रजीत नाव सांगायचे. बोटांना वस्तू कळलेली असते आणि शब्द ओठांवर अडलेला असतो. तो अडतो तेथेच तो पक्का होतो.

तिसरा भेंड्यांचा, यात मात्र इंग्रजीने मला चकवले. आपल्या भेंड्यांत शेवटचे अक्षर धरतात. इंग्रजीत ‘टेबल’ आला. कानाला शेवटी ल ऐकू येतो, पण कागदावर शेवटी ‘ई’ असते. त्या भाषेत अशा मुक्या ‘ई’चे शब्द इतके, की दर दुसऱ्या मुलावर ‘ई’च येऊ लागली, आणि ‘एग’ आणि ‘एलिफंट’ संपल्यावर वर्ग ठप्प झाला. मग मी नियम बदलला. लहानांनी कानाने खेळायचे: टेबलवरून लॅम्प, लॅम्पवरून पॉट. मोठ्यांनी कागदाने खेळायचे: टेबलवरून एग, एगवरून गोट. इंग्रजी बोलायची एक आणि लिहायची दुसरी, हे व्याकरणाच्या तासाला न सांगता मुलांना कळून गेले.

*

आता चूक सांगतो.

खेळात रंग भरावा म्हणून मी ‘औट’ आणला. चुकला तो औट. त्याने भिंतीशी जाऊन उभे राहायचे. शेवटी उरेल तो राजा. वर्ग जिवंत झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाखाणणी केली. मीही फुगलो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. ऊसतोडीच्या टोळीबरोबर एक मुलगी आली आणि चार महिन्यांपुरती माझ्या वर्गात बसू लागली. आठ-नऊ वर्षांची असेल. मागच्या गावी काय शिकली, पुढच्या गावी काय शिकणार, कोणाला ठाऊक. इंग्रजीचा खेळ सुरू झाला की ती पहिल्याच फेरीत औट होई आणि भिंतीशी जाई. रोज. पुढे पुढे तर मी तिला विचारण्याआधीच ती उठून भिंतीशी उभी राहू लागली. मला ते सोयीचे वाटले, हे आज लिहिताना हात जड होतो.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, भिंतीपाशी बी बसून खेळता येईल असा खेळ न्हाई का?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण रात्री त्या भिंतीने मला झोपू दिले नाही. साधा हिशेब होता, तो मी केलाच नव्हता. ज्याला शब्द येतो तो शेवटपर्यंत खेळतो, म्हणून त्याला आणखी शब्द येतात. ज्याला येत नाही तो पहिल्या मिनिटाला बाहेर, म्हणून त्याला कधीच येत नाही. पाऊस पडावा आणि तहानलेले रोप तेवढे पत्र्याखाली ठेवावे, असा माझा खेळ होता. आणि मला इनामगावची पांढर आठवली. त्या लोकांनी आपली मेलेली लेकरे दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे जुळवून, घराच्याच जमिनीखाली पुरली होती. मेलेले मूलही त्यांनी घराबाहेर काढले नाही. आणि मी जिवंत मूल भिंतीशी उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी औट बंद. नियम असा केला, की जो चुकेल त्याने पुढचे हुकूम सोडायचे. हुकूम सोडायचा तर शब्द बोलावाच लागतो, आणि सगळा वर्ग आपल्या शब्दावर उठतो-बसतो ही ऐट निराळी! त्या आठवड्यात आम्ही बाजारही मांडला. चिंचोके हे पैसे. कांदे, बटाटे, मीठ, मिरच्या घरून आणल्या. काठीला दोन झाकणे बांधून तागडी केली. अट एकच: सौदा इंग्रजीतून. मी ‘हाऊ मच’ शिकवले, आकडे शिकवले, आणि बाजूला उभा राहिलो.

ती मुलगी खऱ्या बाजारात आईबरोबर घासाघीस करून वाढलेली. आमची शहाणी पोरे सांगतील ती किंमत देऊन मोकळी होत होती. तिने कांदा हातात घेतला, किंमत ऐकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “गुरुजी, ‘लई महाग सांगताय, कमी करा’ याला इंग्रजीत काय म्हणायचं?”

पुस्तकात ते नव्हते. मॅट्रिकच्या इंग्रजीत जेवढे सापडले तेवढे मी दिले: “टू मच! लेस, प्लीज!” तिने ते एकदा पुटपुटून पाहिले आणि मग दुकानदाराच्या तोंडावर असे फेकले, की त्याने घाबरून दोन चिंचोके कमी केले. अर्ध्या तासात सगळा वर्ग ‘टू मच’ ओरडत होता. ऑनियन, पोटॅटो, सॉल्ट, हाफ, फुल असे मी महिनाभर फळ्यावर लिहून थकलो होतो ते शब्द तिला त्या एका बाजारात आले. कारण त्यांच्यावाचून तिचे अडले होते.

पुष्कळ वर्षांनी मी वाचले, की बंगळूरला एन. एस. प्रभू नावाच्या अध्यापकांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत असाच मार्ग चोखाळून पाहिला होता. भाषेचे धडे न देता मुलांपुढे नकाशा ठेवायचा, गाड्यांचे वेळापत्रक ठेवायचे आणि त्यातले कोडे इंग्रजीतून सोडवायला लावायचे. मन अर्थात गुंतले की भाषा मागून येते, हा त्यांचा सिद्धान्त. मला तो वाचताना आजोबांचा शिग्नल आठवला आणि त्या मुलीचा कांदाही.

गाळप संपले तशी टोळी निघाली. ट्रॉलीवर भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण आणि त्यांवर माणसे अशी रास होती. मी रस्त्याकडेला उभा होतो. तिने मला पाहिले, त्या राशीकडे हात केला आणि ओरडली, “गुरुजी, टू मच!” वर्गाबाहेर, कोणी न विचारता, नेमक्या जागी वापरलेला शब्द! माझ्या नोकरीतली ती सगळ्यात मोठी परीक्षा, आणि तीत पास झालो असे मी आजही समजतो.

*

टेकाडावरच्या त्या प्रश्नाने माझ्या खेळांत एक भर पडली. आता नवा इंग्रजी शब्द शिकला की मुलाने त्याची जकात भरायची: घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक जुना शब्द विचारून आणायचा. ‘वेल’ शिकलो तेव्हा मोट आली, नाडा आला, सोंदूर आले, थारोळे आले. ‘कार्ट’ शिकलो तेव्हा एका पोराने आजोबांकडून जू, शिवळ, आरे, तुंबा, धाव अशी सबंध गाडी सुटी करून आणली. बैलगाडी आमच्याकडे आता कधीमधीच दिसते. मोट तर मीही चालताना पाहिलेली नाही. ते शब्द पोरांच्या तोंडी पडले नाहीत तर आणखी पन्नास वर्षांनी कोणी विचारील, ‘ते लोक याला काय म्हणत होते?’ आणि कोणीतरी मास्तर माझ्यासारखाच गप्प राहील.

वाचकहो, सुटीत घरी पोरेबाळे जमली आहेत. फराळ झाल्यावर एक झोळी घ्या, हाताला लागतील त्या वस्तू तीत घाला आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना बसवा. नातवाने इंग्रजी नाव सांगावे, आजोबांनी जुने मराठी. जो चुकेल त्याने पुढची वस्तू झोळीत घालावी.

औट मात्र कोणालाही करू नका.